इटलीची संस्कृती आणि वारसा पाहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इटलीच्या सहलीची आखणी करताना मराठी प्रवाशांना पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. प्रवेशशुल्क, वेळा आणि व्हिसाचे नियम अधूनमधून बदलतात. त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी संबंधित स्थळाचे अधिकृत संकेतस्थळ एकदा पाहून घ्यावे.

प्रश्न: आम्ही पहिल्यांदाच जात आहोत. किती दिवस ठेवावेत आणि किती शहरे पाहावीत?

दहा दिवस असतील तर तीन शहरे आणि सातच असतील तर दोन, असे आमचे स्पष्ट मत आहे. इटली हे राष्ट्र म्हणून तसे तरुण आहे. देशाचे एकीकरण होऊन राज्याची घोषणा १८६१ साली झाली आणि रोम राजधानी झाले ते १८७१ मध्ये. त्याआधी शतकानुशतके व्हेनिस हे स्वतंत्र प्रजासत्ताक होते, फ्लोरेन्सवर मेदिची घराण्याची सत्ता होती, रोमवर पोपचे राज्य होते आणि दक्षिणेत नेपल्सचे राज्य होते. त्यामुळे या प्रत्येक शहराची बोली, स्वयंपाक, चित्रकलेची शैली आणि सणवार वेगळे आहेत, आणि आपल्या शहराचा अभिमान तेथील माणसाच्या हाडीमाशी खिळलेला आहे. या अभिमानाला इटालियन भाषेत ‘काम्पानिलिझ्मो’ असा खास शब्द आहे. ‘काम्पानिले’ म्हणजे चर्चचा घंटामनोरा, आणि आपल्या गावच्या मनोऱ्याची सावली जिथवर पडते तिथवरच आपले जग, अशी त्यामागची भावना आहे.

सांगण्याचा मुद्दा असा की ‘इटालियन संस्कृती’ नावाची एकसंध वस्तू शोधत फिरण्यापेक्षा एकेका शहरात तीन-चार दिवस राहून तिथली सकाळ, दुपार आणि संध्याकाळ पाहणे अधिक फलदायी ठरते. युरोपच्या मोठ्या सहलीत इटलीच्या वाट्याला जेमतेम तीन दिवस येतात आणि त्यांत रोम, पिसा, फ्लोरेन्स आणि व्हेनिस अशी चार ठिकाणे बसवलेली असतात. अशा सहलीत पाहणे होते ते बहुतांशी बसच्या खिडकीतून. गटासोबतच जायचे असेल तर सहल संपल्यावर परतीचे तिकीट चार दिवस पुढे ढकलून एखाद्या शहरात स्वतंत्रपणे राहता येते का, हे कंपनीला आधीच विचारून ठेवावे.

प्रश्न: व्हिसाचे काय करावे लागते?

इटली शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच सामाईक व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे पर्यटकाला शेंगेनचा अल्पमुदतीचा व्हिसा घ्यावा लागतो. या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, तरी उन्हाळ्याच्या सुट्टीत भेटीची वेळ मिळायला लागणारा विलंब धरून दोन-तीन महिन्यांचा अवधी हाताशी ठेवावा. २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, आणि किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा बंधनकारक आहे. एकाहून अधिक शेंगेन देशांत जाणार असाल तर जिथे सर्वाधिक दिवस राहणार आहात त्या देशाकडे अर्ज करावा. दिवस सारखेच असतील तर जिथे प्रथम उतरणार आहात त्या देशाकडे करावा. व्हॅटिकन हे १९२९ पासून वेगळे राष्ट्र असले तरी तेथे जायला निराळा व्हिसा लागत नाही. सेंट पीटरच्या चौकात पाऊल टाकले की तुम्ही दुसऱ्या देशात गेलेले असता, इतकेच.

प्रश्न: कोणत्या महिन्यात जावे?

एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. मे महिना आपल्या शाळांच्या सुट्टीशी जुळतो, हे आपले नशीब. जुलै-ऑगस्टमध्ये रोम आणि फ्लोरेन्सचे ऊन विदर्भातल्या माणसालाही जाचक वाटते, कारण तिथे फिरायचे असते ते भर दुपारी दगडी फरसबंदीवरून. १५ ऑगस्टला ‘फेर्रागोस्तो’ हा त्यांचा मोठा सण असतो आणि त्याच्या आगेमागे शहरातली माणसे समुद्रावर किंवा डोंगरात निघून जातात, कित्येक घरगुती खाणावळींना कुलूप लागते. २५ एप्रिल, १ मे आणि २ जून या राष्ट्रीय सुट्ट्यांना जोडून मोठी गर्दी उसळते, हेही ध्यानात ठेवावे.

प्रश्न: कोणती तिकिटे आधीच काढावीत?

रोमचे कलोसियम, व्हॅटिकनची संग्रहालये, फ्लोरेन्समधील उफित्सी आणि अकादेमिया ही कलासंग्रहालये, आणि मिलानमधील लिओनार्दो दा विंचीचे ‘शेवटचे भोजन’ हे भित्तिचित्र ही पाच तिकिटे घरूनच काढून निघावे. कलोसियमच्या तिकिटावर नाव छापलेले असते, म्हणून पासपोर्ट जवळ बाळगावा. त्याच तिकिटात शेजारचे फोरम (प्राचीन रोमचा मुख्य चौक) आणि पॅलाटाइन टेकडीही पाहता येते, पण उन्हाने थकून बरेच जण ते अर्धे तिकीट वाया घालवतात. उफित्सी, अकादेमिया आणि ‘शेवटचे भोजन’ सोमवारी बंद असतात. व्हॅटिकनची संग्रहालये रविवारी बंद असतात, अपवाद महिन्यातल्या शेवटच्या रविवारचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयांत प्रवेश विनामूल्य असतो. मात्र त्या दिवशीची रांग पाहिली की पैसे भरलेले परवडले असे वाटू लागते.

‘शेवटचे भोजन’ पाहायला फक्त पंधरा मिनिटे का मिळतात, असे अनेक जण नाराजीने विचारतात. त्याचे कारण चित्राच्या प्रकृतीत आहे. ओल्या गिलाव्यावर रंग भरले तर ते भिंतीत मुरतात आणि टिकतात, परंतु त्या पद्धतीत रंग वाळायच्या आत हात चालवावा लागतो. लिओनार्दोला सावकाश, पुन्हा पुन्हा हात फिरवत काम करायचे होते, म्हणून १४९५ ते १४९८ च्या दरम्यान त्याने हे चित्र कोरड्या भिंतीवर काढले. रंग त्याच्या हयातीतच सुटू लागले. १९४३ च्या बाँबहल्ल्यात हे चित्र ज्या मठाच्या भोजनगृहात आहे त्याचे छप्पर आणि एक भिंत कोसळली, तेव्हा वाळूच्या पोत्यांच्या आड झाकलेली चित्राची भिंत तेवढी वाचली. त्यानंतरचे मोठे जतनकार्य वीसेक वर्षे चालून १९९९ मध्ये पुरे झाले. आज श्वासातला ओलावा आणि कपड्यांवरची धूळ आत जाऊ नये म्हणून थोड्याथोड्या लोकांना एकामागून एक बंद होणाऱ्या दारांतून सोडतात.

प्रश्न: रोममध्ये तिकीट न काढता काय पाहता येते?

रोमची खरी श्रीमंती अशा जागांतच आहे. नवोना चौकाजवळच्या सान लुइजी देइ फ्रांचेझी या चर्चमध्ये डाव्या बाजूच्या शेवटच्या देवघरात काराव्हाज्जोची संत मॅथ्यूच्या आयुष्यावरची तीन मोठी चित्रे आहेत. आत गेल्यावर प्रथम काळोखच दिसतो. कठड्याशेजारी एक लहानशी पेटी असते, तिच्यात नाणे टाकले की दिवा लागतो आणि थोड्याच वेळाने खटकन विझतो. तेवढ्या अवधीत दिसते असे: एका मेजाभोवती पैसे मोजत बसलेली माणसे, उजवीकडून आत येणारा ख्रिस्त आणि त्याच्या बोटाच्या दिशेने भिंतीवरून तिरपी उतरणारी उन्हाची तिरीप. खरी गंमत नंतर कळते. देवघराची खरी खिडकीही ज्या बाजूला आहे, चित्रातला प्रकाशही त्याच अंगाने येतो. ही चित्रे संग्रहालयात हलवली असती तर हा मेळ तुटला असता. १६०० सालाच्या सुमारास ती ज्या भिंतींसाठी काढली, त्याच भिंतींवर ती आजही आहेत. दोन-तीन नाणी जवळ ठेवावीत, आणि दुसऱ्याच्या नाण्यावर चित्र पाहून झाल्यास पुढचे नाणे आपण टाकावे.

सान पिएत्रो इन व्हिंकोली या चर्चमध्ये मायकेलअँजेलोने घडवलेला मोझेसचा पुतळा आहे, तोही विनामूल्य. सेंट पीटर बॅसिलिकात प्रवेशाला पैसे लागत नाहीत, सुरक्षा तपासणीची रांग मात्र लावावी लागते. पँथिऑनला २०२३ पासून ५ युरोंचे तिकीट आहे आणि ते अवश्य काढावे. सम्राट हेड्रियनच्या काळात, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात उभारलेल्या या मंदिराचा घुमट ४३ मीटरहून अधिक व्यासाचा असून आत लोखंडी सळई नसलेला काँक्रीटचा एवढा मोठा घुमट आजवर दुसरा झालेला नाही. घुमटाचे काँक्रीट वर वर हलके होत जाते, कारण शेंड्याकडच्या भागात ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड कालवलेला आहे. माथ्यावरचे गोल छिद्र उघडेच आहे. पावसाळी दिवशी गेलात तर पाणी सरळ आत पडताना आणि जमिनीतल्या बारीक भोकांतून निघून जाताना दिसते.

आणि पाणी विकत घेऊ नये. रोमच्या रस्त्यांवर ‘नासोने’ म्हणजे ‘मोठे नाक’ या नावाचे ओतीव लोखंडाचे अडीच हजारांच्या आसपास नळखांब आहेत. त्यांतून पिण्याचे थंड पाणी अखंड वाहत असते. नळाचे तोंड बोटाने दाबून धरले की नळीच्या पाठीवरच्या छिद्रातून कारंजे उडते आणि ओंजळ न करता पाणी पिता येते.

प्रश्न: चर्चमध्ये जाताना कपड्यांचे आणि वागण्याचे काय नियम आहेत?

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी, सलवार-कमीज आणि पूर्ण पँट यांना काहीच अडचण येत नाही, अडवले जाते ते अर्ध्या चड्डीतल्या तरुणांना. बिनबाह्यांचा पोशाख असेल तर ओढणी किंवा शाल उपयोगी पडते. प्रार्थना चालू असताना फिरू नये. बहुतेक लहान चर्चेस दुपारी बारा-साडेबाराला बंद होऊन तीन-चार वाजता पुन्हा उघडतात, म्हणून ती सकाळच्या यादीत ठेवावीत. सिस्टीन चॅपेलमध्ये छायाचित्र काढायला मनाई आहे. मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ अशी चार वर्षे मान वर करून रंगवलेले ते छत आपण पंधरा मिनिटे मान वर करून पाहिले तरी मानेला रग लागते.

प्रश्न: फ्लोरेन्समध्ये एवढी कला एकाच ठिकाणी कशी राहिली?

एका बाईच्या मृत्युपत्रासारख्या करारामुळे. मेदिची घराण्याने तीनशे वर्षे चित्रे, शिल्पे, हस्तलिखिते आणि रत्ने जमवली. वंश खुंटला तेव्हा घराण्यातली शेवटची वारस आना मारिया लुइजा उरली होती आणि राज्य परक्या लोरेन घराण्याकडे चालले होते. १७३७ मध्ये तिने नव्या राज्यकर्त्यांशी करार केला की या संग्रहातली कोणतीही वस्तू राजधानीबाहेर न्यायची नाही, ती राज्याची शोभा, लोकांचा उपयोग आणि परदेशी पाहुण्यांचे कुतूहल यांसाठी इथेच राहील. परदेशी पाहुण्यांचा विचार करणारे असे कलम अठराव्या शतकात लिहिले गेले, आणि त्याचा लाभ आज आपण घेत आहोत. युरोपातले इतर राजसंग्रह लिलावांत आणि लुटीत विखुरले, तेव्हा फ्लोरेन्सचा बहुतांश जागेवर टिकला. ‘उफित्सी’ या शब्दाचा अर्थ कचेऱ्या. १५६० मध्ये बांधायला घेतलेली ती इमारत खरोखरच राज्याच्या कारभारासाठी होती.

उफित्सीतली सगळी दालने एका दिवसात पाहण्याचा हट्ट करू नये. बोत्तिचेल्ली, लिओनार्दो आणि काराव्हाज्जो यांची दालने निवांत पाहावीत आणि बाहेर पडावे. मायकेलअँजेलोने घडवलेला डेव्हिडचा मूळ पुतळा १८७३ पासून अकादेमियात आहे. नगरभवनासमोर उभा आहे ती प्रतिकृती, तरीही मूळ पुतळा जिथे उभा होता ती जागा हीच, म्हणून दोन्ही पाहिल्यावर अर्थ लागतो. कॅथीड्रलच्या घुमटावर जायला ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. ब्रुनेलेस्कीने तो घुमट १४२० ते १४३६ या काळात जमिनीपासून आधाराची लाकडी चौकट न उभारता बांधला. चढताना आपण घुमटाच्या दोन भिंतींच्या मधल्या पोकळीतून जातो आणि विटांची तिरपी, माशाच्या काट्यासारखी रचना हाताच्या अंतरावरून दिसते.

प्रश्न: फ्लोरेन्समध्ये कोल्हापूरच्या महाराजांचे स्मारक आहे, हे खरे का?

होय, आणि फ्लोरेन्सला गेलेल्या मराठी माणसाने अर्धा दिवस काढून तेथे जावे असे आम्ही आग्रहाने सांगतो. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडच्या भेटीला गेले होते. परतीच्या वाटेवर ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लोरेन्समध्ये त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते, आणि फ्लोरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होते. हिंदू रिवाजाप्रमाणे दहन आणि दोन नद्यांच्या संगमावर रक्षाविसर्जन ही बरोबरच्या मंडळींची मागणी त्या शहराला सर्वस्वी नवी होती, कारण मृतदेह जाळण्याची चालच तेथे नव्हती. शहराच्या अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमाजवळ अंत्यसंस्कार झाले.

१८७४ मध्ये त्याच जागी छत्री उभारण्यात आली. तिचा आराखडा चार्ल्स मँट या वास्तुविशारदाचा आहे. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडाही पुढे त्यांनीच केला, त्यामुळे तो राजवाडा ज्यांच्या डोळ्यांसमोर आहे त्यांना या छत्रीच्या कमानी परक्या वाटत नाहीत. छत्रीखाली महाराजांचा फेटा बांधलेला, रंगीत अर्धपुतळा आहे. इटालियन लोक या स्मारकाला नुसते ‘ल इंदियानो’, म्हणजे ‘तो भारतीय’, असे म्हणतात, आणि जवळून जाणारा आर्नो नदीवरचा आधुनिक पूलही ‘पोंते आल्ल इंदियानो’ याच नावाने ओळखला जातो. स्मारक कशीने उद्यानाच्या पश्चिम टोकाला आहे. उद्यान साडेतीन किलोमीटर लांब असल्याने एका बाजूने ट्रामने जाऊन उरलेले अंतर चालावे किंवा सायकल भाड्याने घ्यावी. तिकीट नाही, मार्गदर्शक नाही, बहुधा पळायला आलेले दोन-चार स्थानिक लोक तेवढे भेटतील.

प्रश्न: पॉम्पेईला जाणे आवश्यक आहे का? तिथे लक्ष्मीची मूर्ती सापडली होती असे ऐकले आहे.

रोमचे अवशेष राजांचे आहेत, पॉम्पेईचे अवशेष दुकानदारांचे, धोब्यांचे आणि भटारखान्यांचे आहेत, म्हणून जावे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकाने राखेखाली गाडले गेलेले हे शहर १७४८ पासून खणले जात आहे आणि त्याचा सुमारे एक तृतीयांश भाग अजूनही जमिनीखालीच आहे. रस्त्याच्या मधोमध पाऊल ठेवायला मांडलेले उंच दगड आहेत, त्यांच्या दोन्ही अंगांना गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या आहेत. ‘चाकोरी’ हा शब्द आपण रोज वापरतो, येथे ती दगडात बोटाने चाचपता येते. नेपल्सहून लोकल गाडीने पाऊण तासाच्या आत पोहोचता येते. सावली जवळजवळ नाही, म्हणून टोपी आणि पाण्याची बाटली हवीच.

मूर्तीची गोष्ट खरी आहे. १९३८ मध्ये पॉम्पेईच्या एका घरात सुमारे २४ सेंटिमीटर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. दोन्ही बाजूंना लहान दासी, अंगावर दागिन्यांचा भार आणि डोक्यावरून खाली गेलेले एक छिद्र, यावरून ती एखाद्या लाकडी सामानाचा पाय किंवा आरशाची मूठ असावी असा तर्क आहे. सुरुवातीला तिला लक्ष्मी म्हटले गेले. आज अनेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. आपल्याला जवळची बाब अशी की तिच्याशी साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती धाराशिव जिल्ह्यातील तेर आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे मिळाल्या आहेत. सातवाहन काळात ही दोन्ही भरभराटीची व्यापारी नगरे होती, आणि पॉम्पेईची मूर्ती भोकरदनच्या परिसरात घडली असावी असे मत अभ्यासकांनी मांडले आहे. ती पाहायची तर पॉम्पेईत शोधू नये, ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे आणि ते संग्रहालय मंगळवारी बंद असते.

उलट दिशेचा मालही आला होता. कोल्हापुरात ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची रोमन काशाची लहान मूर्ती मिळाली, ती तेथील टाऊन हॉल संग्रहालयात आहे. नेपल्सला जाण्याआधी ती पाहून घेतली तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या देवघेवीची दोन्ही टोके पाहिल्यासारखे होते.

प्रश्न: व्हेनिसमध्ये शिरायलाही पैसे पडतात म्हणे?

२०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, केवळ दिवसभरासाठी येणाऱ्या पर्यटकांकडून शुल्क घेतले जाते. व्हेनिसमध्ये मुक्काम करणाऱ्यांना ते माफ आहे, मात्र आधी नोंदणी करून माफीचा कोड मोबाइलमध्ये ठेवावा लागतो. आमचा सल्ला मुक्कामाचाच आहे. संध्याकाळी सहाच्या पुढे दिवसाची गर्दी ओसरते आणि मग गल्ल्यांतून आपल्याच पावलांचा आवाज ऐकू येतो. सान मार्को चर्चच्या दर्शनी भागावरचे चार घोडे पाहताना त्यांचा प्रवास आठवावा: १२०४ मध्ये व्हेनिसवाल्यांनी ते कॉन्स्टँटिनोपलहून लुटून आणले, १७९७ मध्ये नेपोलियनने ते पॅरिसला नेले आणि १८१५ मध्ये ते व्हेनिसला परत आले. कॉन्स्टँटिनोपलला मात्र कोणीच परत केले नाहीत. बाहेर दिसतात त्या प्रतिकृती, मूळ घोडे आतल्या संग्रहालयात आहेत.

प्रश्न: पिसा?

वाटेत असेल तर तीन तास द्यावेत. मनोरा मऊ जमिनीमुळे कलला, हे सर्वांना ठाऊक असते. शेजारच्या गोल बाप्तिस्मागृहात मात्र फारसे कोणी जात नाही. तिथला कर्मचारी ठरावीक वेळाने मधोमध उभा राहून दोन-तीन स्वर लावतो आणि घुमटाखाली ते स्वर एकमेकांत मिसळून बराच वेळ रेंगाळतात. गाण्याचा कान असणाऱ्याने ते चुकवू नये.

प्रश्न: आम्ही शाकाहारी आहोत. उपासमार होईल का?

नाही. उलट युरोपात शाकाहाऱ्याला सर्वांत सुखाचा देश बहुधा हाच, परंतु काही गोष्टी आधी ठाऊक हव्यात. परमेसान आणि पेकोरीनो ही चीज बनवताना वासराच्या किंवा कोकराच्या पोटातला विरजणासारखा पदार्थ वापरतात. हे ज्यांना चालत नाही त्यांनी ‘सेन्झा फोर्माज्जो’, म्हणजे चीजशिवाय, असे सांगावे. भाज्यांच्या सुपातही मांसाचे पाणी असू शकते. काही ठिकाणच्या भाकरीत डुकराची चरबी असते. ताज्या पास्त्यात बहुधा अंडे असते, वाळवलेला पास्ता मात्र सहसा गव्हाचा रवा आणि पाणी एवढ्याचाच असतो. ‘पिझ्झा मारिनारा’ या नावात समुद्र असला तरी त्यात मासे नसतात. टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल, चीजसुद्धा नाही.

जेनोव्हाच्या बाजूला ‘फारिनाता’ आणि पिसाच्या बाजूला ‘चेचिना’ या नावाने मिळणारा पदार्थ अवश्य खावा. हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचे तेल एवढ्याच जिनसांचे पातळ पीठ मोठ्या तांब्याच्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात आणि वरून मिरपूड घालून तुकडे करून देतात. पहिल्या घासाला आपल्या बेसनाच्या धिरड्याची आठवण येते. फ्लोरेन्सची ‘रिबोल्लीता’ म्हणजे शिळा पाव, पालेभाजी आणि शेंगांतले दाणे एकत्र पुन्हा उकळून केलेला घट्ट काला. उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा करणाऱ्या घरातल्या माणसाला त्यामागचा काटकसरीपणा लगेच कळतो. तिथला पाव अळणी असतो, तो बिघडलेला नसून तसाच करायची रीत आहे. जैन पथ्य असेल तर ‘सेन्झा चिपोल्ला, सेन्झा आल्यो’ (कांदा-लसूण नको) हे शब्द कागदावर लिहून न्यावेत.

प्रश्न: बिलात न मागितलेली रक्कम का लावतात?

तिला ‘कोपेर्तो’ म्हणतात. माणशी एक ते तीन युरोंच्या घरातली ही रक्कम पाव, टेबलावरची मांडणी यांसाठी असते आणि ती मेनूकार्डावर लिहिलेली असते, ती फसवणूक नव्हे. वेगळी बक्षिशी देण्याची सक्ती नाही. कॉफी काउंटरवर उभ्याने प्यायली तर स्वस्त पडते, बसून प्यायली तर दर वाढतो. नुसते ‘काफ्फे’ मागितल्यास चार घोटांची कडक एस्प्रेसो मिळते. दुधाची कापुचीनो सकाळची मानली जाते. जेवणानंतर मागितली तर देतात, भुवई मात्र किंचित वर जाते. रात्रीचे जेवण साडेसातच्या आधी बहुधा मिळत नाही.

प्रश्न: भाषेची अडचण येते का?

मोठ्या शहरांत इंग्रजीवर भागते. तरीही दुकानात पाऊल टाकताना ‘बुओनजोर्नो’, तिसऱ्या प्रहरापासून ‘बुओनासेरा’, आणि निघताना ‘ग्रात्सिए’ म्हटल्याने वागणुकीत लगेच फरक पडतो. आपल्याकडे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असतात तसे त्यांच्याकडे ‘तू’ आणि ‘लेई’ आहेत, आणि मजेची गोष्ट म्हणजे त्यांचा ‘तू’ उच्चाराने आणि अर्थानेही आपलाच ‘तू’ आहे. ‘चाओ’ हा शब्द या ‘तू’च्या घरातला आहे, वयस्कर दुकानदाराला तो म्हणू नये. आजची प्रमाण इटालियन मुख्यतः फ्लोरेन्सच्या बोलीवरून घडली आणि त्यात दान्तेचा वाटा मोठा आहे. विद्वानांची लॅटिन बाजूला सारून लोकभाषेत महाकाव्य रचणारा हा कवी आपल्या ज्ञानेश्वरांचा समकालीन होता. ज्या फ्लोरेन्सने त्याला १३०२ मध्ये हद्दपार केले ते आज दरवर्षी रावेन्नातल्या त्याच्या समाधीवरच्या दिव्यासाठी तेल पाठवते.

प्रश्न: रेल्वेने फिरणे सोपे आहे का?

अतिशय. रोम ते फ्लोरेन्स वेगवान गाडीने साधारण दीड तास आणि तेथून व्हेनिस सुमारे दोन तास लागतात. फलकांवर शहरांची नावे इटालियन असतात: फ्लोरेन्सचे ‘फिरेन्झे’, व्हेनिसचे ‘व्हेनेत्सिया’, नेपल्सचे ‘नापोली’. व्हेनिसमध्ये ‘सांता लुचिया’ स्थानकावर उतरावे, आधीचे ‘मेस्त्रे’ स्थानक मुख्य भूमीवर आहे. प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो. तिकीट असूनही शिक्का नसेल तर दंड होतो आणि ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ ही सबब चालत नाही. गाडी भाड्याने घेणाऱ्यांनी जुन्या शहरांच्या वेशीवरचे ‘झेड टी एल’ (वाहनांना मर्यादित प्रवेश असलेला भाग) हे फलक पाहावेत. परवान्याशिवाय आत गेल्यास कॅमेरा टिपतो आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी भारतातल्या घरी येते.

प्रश्न: आई-वडील सत्तरीचे आहेत. त्यांना झेपेल का?

झेपेल, फक्त दिवसाला एकच मोठे स्थळ ठेवावे. त्रास होतो तो अंतराचा नाही, दगडी फरशीचा. रोमचे रस्ते काळ्या चौकोनी दगडांचे असून त्यांच्या फटींत पातळ तळव्याची चप्पल अडकते, म्हणून जाड तळव्याचे बूटच हवेत. कलोसियम आणि उफित्सी येथे लिफ्ट आहे. व्हेनिसमध्ये पुलांच्या पायऱ्या सामानासह चढणे जिकिरीचे होते, त्यामुळे मुक्काम जलबसच्या थांब्याजवळ घ्यावा. खिसेकापूंपासून मात्र सर्वांनीच सावध राहावे: रोमचे तेर्मिनी स्थानक आणि गर्दीच्या बस येथे पिशवी पोटाशी धरावी, आणि मनगटात दोरा बांधायला पुढे येणाऱ्याकडे पाहूही नये. तातडीच्या मदतीसाठी क्रमांक ११२ आहे.

प्रश्न: दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या मराठी सैनिकांची स्मारके पाहता येतात का?

येतात. इटलीच्या मोहिमेत भारतीय सैन्याच्या तुकड्या मोठ्या संख्येने लढल्या आणि त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणीही होत्या. नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, आपल्या तुकडीतले इतर सर्व जण ठार किंवा जखमी झाल्यावर, एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली आणि तेथेच त्यांना वीरमरण आले. शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून वाहून आणले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. उंब्रिया प्रांतातील मोंतोने या टेकडीवरच्या गावात २०२३ मध्ये घाडगे यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळाच्या रूपातले स्मारक उभारण्यात आले. पेरूजा शहरात मुक्काम असेल तर तेथे जाऊन दिवसभरात परतता येते.

घाडगे यांची समाधी नाही, त्यांचे नाव रोम आणि नेपल्सच्या मध्ये असलेल्या कासिनो येथील युद्धस्मारकावर कोरलेले आहे. फोर्ली येथे भारतीय सैनिकांची स्वतंत्र दफनभूमी आहे. या जागांना प्रवेशशुल्क नसते. नावे पलटणींनुसार कोरलेली असल्याने कासिनोला गेल्यावर आधी मराठा पलटणीचा दगड शोधावा. कोकण आणि देशावरच्या ओळखीच्या आडनावांची रांगच तिथे भेटते.